तांबेरा पडतो कुठून?

आमच्या आजरा भागात पिकावरच्या रोगाबद्दल बोलताना दोन क्रियापदे चालतात. भातावर करपा पडला, सोयाबीनवर तांबेरा पडला, असे म्हणतात. उसात काणी मात्र 'आली' म्हणतात, आणि पुढे कोणी ना कोणी जोडतो, 'बेण्यातनं आली.' पाऊस पडतो, दहिवर पडते, तसा तांबेरा वरून पडतो. काणी कोणाच्या तरी फडातून गाडीत बसून येते. बुरशीशास्त्राचे पुस्तक न उघडता शेतकऱ्याने रोगांची केलेली ही वाटणी बरीचशी बरोबर आहे, हे पुढे दिसेलच.

मला या विषयाकडे ओढले ते एका साध्या प्रश्नाने. शेतकऱ्याला ठाऊक असलेली ही 'कुठून'ची गोष्ट सरकारी कागदावर का नाही? पीक किती बुडाले याचे आकडे महसुली दप्तरात पिढ्यान् पिढ्या आहेत. आधी सोळा आण्यांची आणेवारी होती, मग शंभर पैशांची पैसेवारी आली. नजर, सुधारित आणि अंतिम असे तिचे टप्पेही ठरले. पन्नास पैशांच्या आत आले की गाव टंचाईचे. पण रोग आधी कोणत्या शिवारात दिसला, कोणत्या दिशेने सरकला, कोणती खाचरे वाचली, हे त्या कागदांत सापडत नाही. 'किती' आणि 'कुठे' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोघांचीही शास्त्रे आपल्या देशात घडली. आपण त्यांतले एकच घरी आणले. त्याची ही हकिकत.

नर्मदेच्या खोऱ्यापासून निलगिरीपर्यंत

ठगांच्या बंदोबस्तासाठी आपल्याला माहीत असलेला विल्यम स्लीमन हा अधिकारी 1830च्या आसपास नर्मदेच्या खोऱ्यात होता. 1844 साली छापलेल्या आपल्या आठवणींत त्याने तिथल्या गव्हाच्या तांबेऱ्याचे वर्णन केले आहे. कित्येक मैल सलग पसरलेला उभा गहू असा जळाला, की चारांतले एक शेत कापण्याचाही खर्च लोकांना परवडेना. लोक त्याचे कारण पापाचारात शोधत होते. स्लीमनचे वर्णन नेमके आहे, पण त्यात नकाशा नाही. रोग आला आणि सगळीकडे पसरला, एवढेच त्याला दिसले.

रोगाला वाट असते, हे दक्षिण आशियात पहिल्यांदा ठसले ते श्रीलंकेत. तिथल्या कॉफीवर 1869 साली तांबेरा आढळला आणि पुढच्या दोन दशकांत मळेच्या मळे बसले. 1880 साली तिथे नेमलेल्या मार्शल वॉर्ड या तरुण शास्त्रज्ञाने चिकट द्रव लावलेल्या काचा मळ्यांत वाऱ्यावर ठेवल्या आणि त्यांवर अडकलेले बीजाणू सूक्ष्मदर्शकाखाली मोजले. रोग वाऱ्याने जातो, हे त्याने दाखवले. मळे मात्र वाचले नाहीत. कॉफीच्या जागी चहा आला.

भारतातले कोडे अधिक गुंतागुंतीचे होते. पुसा येथील संस्थेतले बटलर आणि त्यांचे सहकारी हेमन यांनी 1906 साली गव्हाच्या तांबेऱ्यांवर प्रबंध लिहिला, तेव्हा अडचण स्पष्ट झाली. तांबेरा जिवंत पानावरच जगतो. आपल्या मैदानी मुलखात एप्रिलनंतर गहू नसतो, आणि मे महिन्याच्या उन्हात मोकळे बीजाणू टिकत नाहीत. युरोपात बार्बेरी नावाचे झुडूप या बुरशीचे दुसरे घर होते. इथे मैदानात ते झुडूपच नाही. मग डिसेंबर-जानेवारीत पुन्हा तांबेरा येतो कुठून?

याचे उत्तर शोधण्यात आग्र्याचे प्राध्यापक करमचंद मेहता यांनी आयुष्य घालवले. त्यांची पद्धत सांगायला सोपी आणि करायला अवघड होती. दरवर्षी, जागोजागी, तांबेरा पहिल्यांदा कोणत्या तारखेला दिसला हे टिपायचे. रोग स्थानिक मातीतून उठत असेल तर तो सगळीकडे साधारण एकाच वेळी दिसायला हवा. बाहेरून येत असेल तर उगमाजवळ आधी आणि दूर नंतर. नुकसानीच्या टक्क्यांपेक्षा पहिल्या दर्शनाच्या तारखेला त्यांनी महत्त्व दिले, ही त्यांच्या कामातली मोठी गोष्ट. जोडीला वाऱ्यातले बीजाणू पकडणाऱ्या काचा होत्याच. 1940 साली प्रसिद्ध झालेल्या प्रबंधात त्यांनी मांडले, की तांबेऱ्याचे उन्हाळी घर डोंगरात आहे: उत्तरेला हिमालयात आणि दक्षिणेला निलगिरी व पळणीच्या डोंगरांत. तिथे थंड हवेत वर्षभर कुठे ना कुठे गव्हाचे हिरवे पान असते. भारतात बार्बेरीचा या फेऱ्याशी संबंध नाही, हेही त्यांनी दाखवले. काळ्या तांबेऱ्याच्या बाबतीत पुढच्या संशोधनाने दक्षिणेकडचा उगम अधिक ठळक केला.

महाराष्ट्रात तांबेऱ्याच्या अभ्यासासाठी महाबळेश्वर निवडले गेले त्यामागेही हेच कारण आहे. थंड हवेमुळे तिथे तांबेरा उन्हाळ्यातही जिवंत ठेवता येतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे तिथले केंद्र आज 'गहू गेरवा संशोधन केंद्र' या नावाने ओळखले जाते. गेरूच्या रंगाचा म्हणून गेरवा, तांब्याच्या रंगाचा म्हणून तांबेरा.

वाट आहे हे कळले, पण हजार किलोमीटरहून लांबची ही वाट बीजाणू चालतात कसे? 1946-47 साली मध्य भारतात काळ्या तांबेऱ्याची मोठी साथ आली. सुमारे 20 लाख टन गहू गेल्याचा अंदाज नोंदला गेला आहे. अशी साथ दरवर्षी येत नाही, मग त्याच वर्षी का? 1970च्या दशकात एस. नागराजन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवामानाचे नकाशे आणि तांबेऱ्याच्या नोंदी शेजारी ठेवल्या आणि पावसाच्या पाण्यात बीजाणू शोधले. त्यातून खोडावरच्या तांबेऱ्याचे 'भारतीय नियम' तयार झाले. बंगालच्या उपसागरात किंवा अरबी समुद्रात दक्षिणेकडे तयार झालेले वादळ मध्य भारतावर येऊन विरले. किंवा निलगिरीपासून फार दूर नाही अशा ठिकाणी जास्त दाबाचे क्षेत्र ठाण मांडून बसले. किंवा पश्चिमेकडून सरकणाऱ्या विक्षोभाचा खोल पट्टा दक्षिण भारतापर्यंत पोचला, तर निलगिरीवरचे बीजाणू उत्तरेकडे जातात आणि पावसाबरोबर खाली उतरतात. तांबेरा 'पडतो' ही आपली भाषा इथे अक्षरश: खरी ठरते.

वाट कळल्याचा उपयोग काय? वाट अडवता येते. दक्षिण आणि मध्य भारतातल्या वाटेवरच्या प्रदेशांत प्रतिकारक जाती पेरल्या, की पुढे जाणाऱ्या बीजाणूंची संख्या मध्येच तुटते. नुसता नुकसानीचा आकडा कितीही अचूक असला तरी हे सुचवू शकला नसता.

या वाटेवरच आपल्या ओळखीचा एक जुना गहू उभा आहे. कृष्णाकाठचा खपली. अमेरिकेत स्टेकमन आणि लेव्हिन यांनी 1922 साली काळ्या तांबेऱ्याचे प्रकार ओळखण्यासाठी बारा गव्हांचा संच ठरवला, त्यात 'खपली' याच नावाने हा गहू आहे. ऑस्ट्रेलियात वॉटरहाउस यांनी त्याच्या संकरातून 'खापस्टीन' तयार केला. आज आपण खपली घेतो ते मधुमेहाच्या किंवा लापशीच्या निमित्ताने. जगातल्या गहू पैदासकारांनी तो घेतला तांबेऱ्याला तोंड देतो म्हणून.

शंभर रोपांचा कागद

देशाच्या नकाशावरून आता एका खाचरावर येऊ. इथे संख्याशास्त्राची गरज लागते, आणि ती समजायला वहीचे एक पान पुरे.

चौकटीच्या पानावर दहा ओळी आणि दर ओळीत दहा घरे घ्या. ही शंभर रोपे. त्यांतली वीस रोगट आहेत असे धरा. पाहणीला आलेला माणूस वीस टक्के लिहून जाईल. पण ही वीस रोपे कुठे आहेत? एका पानावर ती अशी विखुरलेली आहेत, की जणू कोणी डोळे मिटून खडे टाकले. दुसऱ्या पानावर ती एका कोपऱ्यात चार गुणिले पाच अशा चौकोनात दाटलेली आहेत. दोन्हीकडे वीस टक्केच.

आता शेजारच्या जोड्या मोजू. आडव्या आणि उभ्या मिळून या पानावर 180 जोड्या होतात. वीस रोगट रोपे निव्वळ योगायोगाने पडली असतील, तर त्यांतल्या साधारण 7 जोड्यांत दोन्ही रोपे रोगट असतील. कोपऱ्यातल्या चौकोनात मात्र अशा जोड्या 31 भरतात. 7 आणि 31 यांतला फरक म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेला रोग, किंवा दोघांच्या पायाखालची एकच खोड: साचलेले पाणी, जास्त पडलेला युरिया, सावलीचा कोपरा. पहिल्या पानावरचा रोग बियाण्यातून किंवा लांबून वाऱ्याने आला असण्याचा संभव जास्त. दुसऱ्या पानावर तो एका ठिकाणी रुजून सरकत आहे. पहिल्या शेताला एक उपाय, दुसऱ्याला दुसरा. कोपऱ्यापुरते काम वेळीच केले तर उरलेली ऐंशी रोपे वाचतात.

अवकाशीय संख्याशास्त्र म्हणतात त्याचा गाभा एवढाच आहे. जवळच्या गोष्टी योगायोगाने सारख्या असतील त्याहून जास्त सारख्या आहेत का, हे तपासायचे. या विचाराला पिकाच्या रोगांनी सुरुवातीपासून खाद्य पुरवले. 1936 साली कॉकरन यांनी शेतातल्या रोगट झाडांच्या मोजणीवर निबंध लिहिला, त्यात टोमॅटोच्या झाडांवरचा रोग गटागटाने पसरतो का याची तपासणी होती. 1948 आणि 1950 साली मोरन यांनी नकाशांवरच्या सारखेपणाचे माप मांडले. आजही संगणकावर नकाशा काढणारा विद्यार्थी त्यांच्याच नावाचा निर्देशांक काढतो. आणि जाळीवरच्या बिंदूंच्या जोड्यांचा, म्हणजे आपण वर वहीत केले त्याचाच, पक्का गणिती पाया घालणाऱ्यांत एक भारतीय नाव आहे: पी. व्ही. कृष्ण अय्यर. त्यांचा निबंध 1949 साली 'बायोमेट्रिका'त आला. तेव्हा ते दिल्लीत कृषी संशोधन परिषदेत काम करत होते.

एका कचेरीतून निघालेल्या दोन वाटा

त्याच परिषदेत त्याच दशकात आणखी एक माणूस काम करत होता, आणि तो आपल्या शेजारचा. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. नजरेने ठरवलेल्या आणेवारीवर विसंबण्याऐवजी चिठ्ठ्या टाकून शेते निवडायची, शेतात ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा, तेवढेच पीक कापून, मळून, तोलायचे, आणि त्यावरून साऱ्या प्रदेशाचा अंदाज बांधायचा, ही पीक कापणीची पद्धत देशभर रुजवण्यात त्यांचा मोठा वाटा होता. तुकडा केवढा असावा यावर त्यांचा आणि महालनोबिसांचा वादही गाजला. पुढे 1951 साली ते रोमला, संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत गेले.

पीक कापणी प्रयोग आज प्रत्येक तालुक्यात होतात. सुखात्म्यांच्या कामाचे मोल मी कमी मानत नाही. दुष्काळाच्या भीतीखाली असलेल्या देशाला 'किती धान्य आहे' हे आधी कळायला हवे होते. पण सरासरी काढणारी पद्धत स्वभावत:च जागा पुसून टाकते. निवडलेली शेते एकमेकांपासून किती लांब आहेत, कोण कोणाच्या वाऱ्याच्या दिशेला आहे, याच्याशी तिला कर्तव्य नसते. अय्यर यांच्या पद्धतीत जागा हीच सगळी माहिती असते. दिल्लीतून निघालेल्या या दोन वाटांपैकी 'किती'ची वाट आपल्या तहसीलपर्यंत आली. 'कुठे'ची वाट परदेशी नियतकालिकांतून फिरून, संगणकात शिरून, आता कुठे परतते आहे.

महाराष्ट्रात ती परतल्याची एक ठळक खूण आहे. 2008 साली सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला. त्यानंतर 2009-10 पासून राज्याने 'क्रॉपसॅप' हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. त्यात काही प्लॉट ठरलेले, काही दर वेळी बदलणारे, आठवड्याला नोंदी, नोंदींवरून नकाशे, आणि नुकसानीची पातळी ओलांडण्याआधी गावाला सल्ला. रोगाची नोंद नुकसान झाल्यावर नव्हे तर चालू असताना, जागेसह ठेवायची, हा विचार त्यात आहे. मेहता यांनी एकहाती जे आरंभले त्याचीच ही नवी पिढी म्हणावी.

शेजार कोणाला म्हणायचे?

मी आजरा तालुक्यातल्या काही गावनकाशांच्या झेरॉक्स प्रती घेऊन शेतकऱ्यांशी बोलत असतो. 'करपा पहिल्यांदा कुठे दिसला?' असे विचारले की उत्तर सहसा तयार असते: गणपतीच्या आधी, ओढ्याकडच्या खाचरात. किंवा नवरात्रात, लोंबी बाहेर पडताना, बांधाच्या झाडाखाली. जागा आणि तिथी दोन्ही येतात. मेहतांना हवी होती तीच माहिती, फक्त कोणी लिहून घेत नाही.

या बोलण्यातून मला एक गोष्ट पटली, जी परदेशी पाठ्यपुस्तकातल्या सपाट चौकटीत दिसत नाही. आमच्याकडे जवळचे म्हणजे शेजारचे नव्हे. दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणींत क्रिगे यांनी आणि नंतर फ्रान्समध्ये माथेराँ यांनी विकसित केलेली पद्धत आज रोगांच्या नकाशांनाही वापरतात: जिथे पाहणी झाली त्या जागांवरून, अंतराप्रमाणे वजन देऊन, मधल्या जागांचा अंदाज. पण आजऱ्याच्या पश्चिमेला आंबोलीकडे जाताना पाऊस आणि धुके वाढत जाते, पूर्वेला गडहिंग्लजकडे कमी होत जाते, आणि मध्ये डोंगराच्या धारा आडव्या येतात. धारेच्या अलीकडची आणि पलीकडची वाडी नकाशावर बोटभर अंतरावर असल्या तरी एकीकडे सकाळी नऊपर्यंत पाने ओली, दुसरीकडे सात वाजता सुकलेली. करप्याच्या बुरशीला पानावर बराच वेळ टिकणारा ओलावा लागतो. तिच्या हिशेबात या वाड्या शेजारी नाहीत.

शिवाय प्रत्येक रोगाचा शेजार वेगळा. करपा आणि तांबेरा हवेतून जातात, म्हणून त्यांचा शेजारी वाऱ्याच्या दिशेचा. भाताचा कडा करपा जिवाणूंमुळे होतो आणि पाण्याबरोबर पसरतो. वरच्या खाचरातले पाणी खालच्यात उतरते, तेव्हा त्याचा शेजारी उताराचा. उसाची चाबूक काणी वाऱ्यानेही पसरते, पण लांबची मजल ती बेण्यातून मारते. गवताळ वाढीचेही तसेच. ज्याच्याकडून तुम्ही बेणे आणले तो तीस किलोमीटरवरचा शेतकरी या रोगाच्या दृष्टीने तुमचा बांधाला बांध लागलेला शेजारी. 'पडला' आणि 'आली' या दोन क्रियापदांत हा भेद आहेच. संगणकाला नकाशा द्यायचा असेल तर आधी त्याला हे दोन शब्द शिकवावे लागतील.

सोयाबीनच्या तांबेऱ्याने ही गोष्ट आपल्या भागाला महागात शिकवली. कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सीमेपलीकडचा बेळगाव-धारवाडचा पट्टा हे या रोगाचे देशातले नेहमीचे ठिकाण. तोही जिवंत पानावरच जगतो. कृष्णेच्या काठाला पाणी बारमाही असल्याने खरिपाबाहेरही कुठे ना कुठे सोयाबीन हिरवे असते, आणि तिथून रोग पुढच्या हंगामात उतरतो. निलगिरीत गव्हाचे जे, तेच इथे सोयाबीनचे. फरक एवढाच, की हे उन्हाळी घर आपणच बांधले. सांगलीजवळच्या कसबे डिग्रजच्या संशोधन केंद्राने फुले अग्रणी, फुले संगम यांसारख्या तांबेऱ्याला तोंड देणाऱ्या जाती दिल्या, त्या याच पट्ट्याची गरज म्हणून.

मंडळाच्या सरासरीत हरवलेले खाचर

हा सगळा इतिहास आज का सांगायचा? कारण आता प्रश्न पैशाचा आहे. 2016 सालापासून पंतप्रधान पीक विमा योजना आहे. तिच्या मूळ नियमांत गारपीट, पाणी साचणे, भूस्खलन यांसारख्या स्थानिक आपत्तींसाठी शेतकऱ्याच्या स्वतंत्र शेताची पाहणी होण्याची तरतूद होती. रोगाला ती नव्हती. रोगाने झालेली घट मोजायची ती सगळ्या विमा क्षेत्राच्या सरासरी उत्पन्नावरून, आणि आपल्याकडे हे क्षेत्र सर्वसाधारणपणे महसूल मंडळ असते. मंडळाची सरासरी उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेली तरच भरपाई. म्हणजे रोग सारखा पसरला तर विमा चालतो. रोग दाटून आला तर चालत नाही. आणि आपण वहीत पाहिले, की रोगाचा स्वभाव दाटून येण्याचाच असतो.

आजरा घनसाळचे उदाहरण घ्या. 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेला हा सुवासिक भात उंच वाढतो, उशिरा तयार होतो, उतारा कमी देतो. तो सगळीकडे होत नाही. ठरावीक शिवारांतल्या ठरावीक खाचरांतच त्याचा वास उतरतो, असे जुने लोक सांगतात. त्याच मंडळात सुधारित भाताचे क्षेत्र मोठे. ओढ्याकाठच्या दहा-बारा घनसाळच्या खाचरांत मानेवर करपा पडून लोंब्या पळीज राहिल्या, तरी मंडळाच्या सरासरीत ते दिसणारही नाही. अशा दोन-तीन वर्षांनंतर त्या खाचरात पुढच्या वर्षी कोणते बियाणे पडेल, हे सांगायला नको. मानांकनाचा कागद नावाचे रक्षण करतो. पेरणाऱ्याला धरून ठेवणे त्याच्या हाती नाही.

खरे तर साधने हाताशी आहेत. प्रत्येक गावाचा गटवार नकाशा आहे. 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वत: शेतात उभा राहून पिकाचा फोटो घेतो, तो जागेसह नोंदला जातो. या नोंदीत पिकाचे नाव आहे, क्षेत्र आहे; त्यात आणखी तीनच गोष्टी लिहिल्या गेल्या, तर दहा वर्षांत आपल्या खोऱ्याचा असा नकाशा तयार होईल जो मेहतांना कधी मिळाला नसता असे म्हणण्यापेक्षा, आपल्या पोरांना मोबाइलवर मिळेल, एवढेच म्हणू. त्या तीन गोष्टी: जात कोणती, रोग पहिल्यांदा दिसला ती तारीख, आणि रोग नसेल तर 'नाही' अशी स्पष्ट नोंद.

ही तिसरी नोंद लोकांना निरर्थक वाटते. ज्याचे पीक चांगले आहे तो कशाला कोणाला कळवेल? पण वहीतल्या पानावर ऐंशी निरोगी घरे होती म्हणूनच वीस घरांचा अर्थ लागला. करपा पडलेल्या खाचरांच्या मधोमध एखादे हिरवे उरले असेल, तर तिथे पाणी वेगळे आहे, लावण वेगळ्या आठवड्यात झाली आहे, किंवा घरात राखलेले बियाणे वेगळे आहे. घनसाळ टिकवायचा तर आपल्याला त्या खाचराचा गट नंबर माहीत हवा. या वर्षीची कापणी अजून व्हायची आहे. गावनकाशाची एक प्रत आणि दोन रंगांच्या पेन्सिली एवढ्यावर ही नोंद कोणत्याही गावाला आजपासून सुरू करता येईल.